खांबाजवळच्या टेबलावरची चकती

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेन एवढीशीच मी आहे. एक जुनी लाकडी चकती. एका अंगाने हिरवी, दुसऱ्या अंगाने लाल. मला पाहून कुणी म्हणते, ही एखाद्या खेळातली सोंगटी असणार. कुणी म्हणते, बरणीचे झाकण असेल. मी सोंगटी नाही आणि झाकणही नाही. माझे सारे आयुष्य जेवणाच्या टेबलावर गेले, आणि तरी एक शितकण कधी माझ्या वाट्याला आला नाही. आला असता तरी खाणार कशाने? पण जेवणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. त्यांतल्या एका बापलेकीची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती सांगायची तर आधी माझी ओळख करून द्यायला हवी.

माझा जन्म एका कातारी कारागिराच्या दुकानात झाला. कातारी म्हणजे फिरत्या यंत्रावर लाकूड धरून त्याला गोल आकार देणारा. तो खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे आणि भोवरे बनवी. कुठलेसे घर पाडले तेव्हा त्याच्या दाराची एक फळी त्याने उचलून आणली होती. त्या फळीतून त्याने आम्हा बहिणींना कापले, कातले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि एका पिशवीत भरून एका बाईंच्या हवाली केले. त्या आमच्या मालकीणबाई.

मालकीणबाईंनी नवे हॉटेल काढले होते, दूर ब्राझील देशात चालते त्या पद्धतीचे. तिथे ताट भरून आणून देत नसत. मांसाचे मोठमोठे तुकडे लांब सळयांवर ओवून निखाऱ्यांवर भाजायचे, आणि वाढप्यांनी ती चरचरणारी सळईच हातात धरून टेबलाटेबलाशी फिरायचे. वाढपी सुरीने काप काढी, पाहुणा तो चिमट्याने धरून आपल्या ताटात घेई. एक वाढपी गेला की दुसरा हजर. कुणाच्या सळईवर बरगड्या, कुणाच्या सळईवर कोंबडी, कुणाच्या सळईवर भाजलेला अननस. आता एवढ्या वाढप्यांना पाहुण्याने 'पुरे' कसे सांगायचे? तोंडात घास असताना सारखे कोण बोलणार? म्हणून आम्ही. प्रत्येक ताटाजवळ एक चकती. हिरवी बाजू वर असली की 'या, वाढा.' लाल बाजू वर असली की 'थांबा, आता नको.'

मालकीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रे पसरून आम्हाला स्वतःच्या हाताने रंगवले. माझ्या लाल रंगात त्यांच्या ब्रशचा एक केस अडकून राहिला. रंग वाळल्यावर त्यांनी सगळ्या वाढप्यांना समोर उभे केले आणि सांगितले, "लाल दिसली की त्या ताटाकडे फिरकायचं नाही. आग्रह आपल्या घरी जाऊन करायचा."

वाढप्यांमध्ये सर्वांत उंच जे होते त्यांना सगळे लंबूकाका म्हणत. दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागे. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना डाग होता. बोलणे कमी, चालणे हलके. जड सळई ते अशी धरत की जणू छत्री. माझे नशीब चांगले म्हणून मला खांबाजवळचे टेबल मिळाले, आणि ते टेबल लंबूकाकांचे होते.

ते माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. मी नवी होते, चकचकीत होते. पाहुणे मला उचलून एकमेकांना दाखवत. मुले मला टेबलावर गरगर फिरवत. एकदा बोलण्याच्या नादात एका जाड्या गृहस्थांनी मला काटाच टोचला. त्यांना मी बिस्किट वाटले असावे. सगळे टेबल हसले, तेही हसले.

आमच्याकडे धंद्याची जेवणे फार होत. ती मला लांबूनच ओळखू येत. घरची माणसे आली की कोण कुठे बसणार यावरून आधी भांडतात. धंद्याची माणसे 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' म्हणत सगळीच उभी राहतात. ज्याला काही विकायचे असते तो एक घास खाऊन दहा वाक्ये बोलतो. ज्याला विकत घ्यायचे असते तो सावकाश चावतो. पाहुण्याने विनोद केला की यजमान जरा जास्तच हसतो. अशा जेवणात यजमानाच्या ताटातले बरेचसे तसेच गार होऊन जाते, आणि आम्ही चकत्या मात्र शेवटपर्यंत हिरव्या राहतो. पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून.

याला एकच माणूस अपवाद होता. त्यांना हॉटेलात सगळे 'यंत्रवाले' म्हणत. त्यांचा लहानसा कारखाना होता. बेकऱ्यांना लागणारी पीठ मळायची यंत्रे तिथे बनत. अंगाने भरलेले, आवाज खणखणीत, आणि खाण्याचे भारी शौकीन. ते पाहुण्यांना घेऊन यायचे ते नेहमी खांबाजवळच्या टेबलावर. एखाद्या पाहुण्याने बसल्या बसल्या कामाचे काढले की ते हात वर करून म्हणत, "धंदा उद्याही आहे हो. बरगडी आत्ताच गरम आहे." मग खरेच जेवत. मनापासून, बोटे चाटून. त्यांना जेवताना पाहून पाहुण्यांनाही भूक लागे.

त्यांना एक मुलगी होती. तिला ते ठमी म्हणत. ठमीची आई ती लहान असतानाच गेली. घरात दोघेच, त्यामुळे स्वयंपाकाचा कंटाळा आला की बापलेक आमच्याकडे येत. ठमी तेव्हा खुर्चीवर गुडघे टेकून बसायची, नाहीतर तिला टेबल दिसत नसे. लंबूकाका सळई घेऊन निघाले की ती मला लाल करी. ते थांबत. मग हिरवी करी. ते एक पाऊल पुढे येत. पुन्हा लाल. पुन्हा थांबत, तेही एका पायावर, तोंड अगदी गंभीर ठेवून. यंत्रवाले हसून हसून डोळे पुसत आणि म्हणत, "ठमे, त्या माणसाला कामं आहेत."

मुले मोठी होतात. ठमीही झाली. ती यंत्रांचे शिकली आणि बाबांच्याच कारखान्यात येऊ लागली. नखांत काळे वंगण, केसांत पेन्सिल खोचलेली. पुढे पाहुण्यांसोबतच्या जेवणांनाही ती येऊ लागली. सुरुवातीला गप्प बसे. मग बोलू लागली, आणि एकदा बोलू लागली की बाबा जेवायचे थांबून तिच्याकडे बघत बसत.

मीही तोवर जुनी झाले होते. पुसून पुसून माझी चकाकी गेली होती. पण माझी जागा तीच होती, आणि मला वाटे की हे असेच चालायचे.

एके दुपारी यंत्रवाले एकटेच आले. जेवणाची वेळ टळून गेली होती. खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवल्या होत्या आणि फरशी पुसणे चालले होते. लंबूकाका माझ्या टेबलावर सुऱ्याकाटे मांडत होते. यंत्रवाल्यांचा सदरा त्यांना सैल होत होता. गळपट्टीत आणखी एक मान मावली असती.

"लंबू, बस जरा," ते म्हणाले.

"मी उभाच बरा, साहेब. काय झालं?"

"घास उतरत नाही रे." त्यांनी छातीवर मधोमध बोट टेकवले. "इथं येऊन अडतो. पाणीसुद्धा घोट घोट प्यावं लागतं. डॉक्टर म्हणतात, आत गाठ आहे. पुढच्या आठवड्यात कापणार आहेत."

लंबूकाकांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, ती पुन्हा उलगडली. "ठमीताईंना माहीत आहे?"

"नाही. परवा बेकरीवाले आजोबा येतायत इथं जेवायला. केवढ्या बेकऱ्या आहेत त्यांच्या, तुला ठाऊक आहे. त्यांनी आपली यंत्रं घेतली तर ठमीला पुढे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. पण आजारी माणसाकडून यंत्र कोण घेतं? उद्या बिघडलं तर दुरुस्त कोण करणार, हेच आधी मनात येतं. आणि ठमीला आज सांगितलं तर ती ते जेवण रद्द करील आणि माझ्या उशाशी येऊन बसेल. एकदा हे पार पडू दे. मग सांगतो तिला."

"मग मी काय करायचं?"

"दिसण्यापुरतं वाढ. कागदासारखा पातळ काप. मी काट्यानं इकडचं तिकडं करत बसतो, तू मधूनमधून ताट बदलून ने. आणि मी चकती लाल केली की माझ्याकडे येऊ नकोस."

"लाल असली की मी तसाही येत नाही."

"माहीत आहे रे. तरी सांगून ठेवतो."

लंबूकाकांनी फडके खांद्यावर टाकले. ते आत गेले आणि एका पेल्यात कोमट सूप घेऊन आले. यंत्रवाल्यांनी ते चमच्या चमच्याने प्यायला घेतले. पेला संपायला दुपार सरली.

ठरल्या दिवशी संध्याकाळी सगळे आले. बेकरीवाले आजोबा अंगाने बारीक होते, भुवया पांढऱ्या, हात मात्र रुंद. लहानपणी त्यांनी स्वतः हाताने पीठ मळून धंदा सुरू केला होता. बरोबर त्यांचा भाचा होता. यंत्रवाले माझ्यासमोर बसले, ठमी त्यांच्या शेजारी. तिने नवा कुर्ता घातला होता आणि नखे घासून घासून स्वच्छ केली होती. या आजोबांविषयी तिने बाजारात एक गोष्ट ऐकली होती. म्हातारा यजमानाच्या ताटाकडे बघतो म्हणे, जो स्वतः हात राखून जेवतो त्याच्यावर त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून तिचे निम्मे लक्ष बोलण्यात होते आणि निम्मे बाबांच्या ताटात.

सुरुवातीला सगळे ठरल्याप्रमाणे झाले. लंबूकाका पातळ काप वाढत. यंत्रवाले सुरीने त्याचे तुकडे करत, तुकड्यांचे आणखी तुकडे करत, बोलत राहत. मग लंबूकाका 'गार झालं, बदलतो' म्हणून ताट उचलून नेत. थोड्या वेळाने यंत्रवाल्यांनी मला हळूच लाल केले.

आजोबांचे लक्ष होतेच. ते हसून म्हणाले, "हे काय, यजमानांचीच चकती लाल? मग आम्हीही आवरतं घ्यावं की काय?"

ठमीचे कान तापले. तिने हात पुढे केला आणि मला हिरवे केले. "बाबा, तुम्हीच असं केलंत तर कसं?" ती हसतच बोलली, पण डोळे बापाला दटावत होते.

"पोट जरा जड आहे गं सकाळपासून."

"तुमचं पोट आणि जड?" ती आजोबांकडे वळली. "यांनी इथं एकदा अख्खी सळई एकट्यानं रिकामी केली आहे. काका, बाबांना बरगडीचा काप द्या. नेहमीसारखा जाड."

लंबूकाका जागचे हलले नाहीत. सळईच्या टोकाकडून चरबीचा थेंब ओघळून खालच्या थाळीत पडला, मग दुसरा पडला.

"काका, वाढताय ना?"

लंबूकाकांनी यंत्रवाल्यांकडे पाहिले. त्यांनी पापण्या मिटून किंचित मान हलवली. तेव्हा कुठे सुरी चालली.

यंत्रवाल्यांनी तुकडा तोंडात घातला आणि फार वेळ चावला. तो गिळताना त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. टेबल हलले नाही, पण मी त्याच टेबलावर होते, मला ती पकड कळली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "मिरी लागली वाटतं," ते म्हणाले आणि त्यांनी पेला ओठांना नुसता लावून खाली ठेवला. मग मला लाल केले.

ठमी त्या वेळी भाच्याला यंत्राच्या मोटारीविषयी काही सांगत होती. बोलता बोलता, न बघताच, माशी हाकलावी तसा तिने हात केला आणि मला पुन्हा हिरवे केले. यंत्रवाल्यांनी पुन्हा लाल केले. तिने पुन्हा हिरवे.

"बापलेकीचा खेळ चाललाय," भाचा म्हणाला. सगळे हसले. यंत्रवालेही हसले.

"लहानपणी मी हेच करायची," ठमी म्हणाली, आणि तिने आपल्या ताटातला एक चांगला मऊ तुकडा उचलून बाबांच्या ताटात ठेवला. "हा घ्या. माझ्या ताटातला आहे. आता तरी नाही म्हणू नका."

यंत्रवाल्यांनी माझ्यावर हात ठेवला. हात गरम होता आणि ओला. बोटे माझ्या कडेपर्यंत आली आणि तिथेच थांबली. ते ठमीकडे पाहत होते. ती आता आजोबांना समजावत होती की पीठ घट्ट असले तर यंत्राचा वेग आपोआप कसा उतरतो आणि मोटार जळायची कशी वाचते. तिचे हातवारे चालले होते, केसांची बट सुटून गालावर आली होती. आजोबा चावायचे थांबून ऐकत होते. यंत्रवाले बराच वेळ तसेच पाहत राहिले. मग त्यांनी माझ्यावरचा हात काढून घेतला. मी हिरवीच राहिले. त्यांनी तो तुकडा तोंडात घातला.

थोड्याच वेळात ते 'आलोच' म्हणून उठले. हात धुण्याच्या खोलीकडे जाताना त्यांची चाल सरळ होती. लंबूकाकांनी सळई शेजारच्या वाढप्याच्या हातात दिली आणि ते मागोमाग गेले. ठमीला वाटले, बाबा फोन करायला गेले असतील.

ते परत आले तेव्हा गळपट्टी ओली होती आणि केस पाण्याने नीट बसवलेले. बसताना त्यांनी खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. बेकरीवाल्या आजोबांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले. मग त्यांनी आपली चकती उलटी करून लाल केली, भाच्याचीही केली, आणि पलीकडे हात लांबवून मलाही लाल केले.

"माझं झालं," ते म्हणाले. "आता जेवण पुरे. एक सांगा, भट्ट्या पेटलेल्या आहेत, पीठ भिजवलेलं आहे आणि तुमचं यंत्र बंद पडलं, तर मी फोन कुणाला करायचा?"

"हिला," यंत्रवाले म्हणाले.

"आणि तुम्ही?"

"हिलाच करा. माझ्यापेक्षा लवकर येते आणि माझ्यापेक्षा लवकर शोधून काढते."

आजोबांनी बापाकडे पाहिले, मग लेकीकडे. "बरं मुली," ते म्हणाले, "तुझा नंबर दे."

ठमीला वाटले, बाबांनी चारचौघांत आपले कौतुक केले. तिचा चेहरा उजळून निघाला. पाहुणे गेल्यावर तिने बाबांच्या हातात हात घातला आणि म्हणाली, "बघितलंत? तुम्ही नीट जेवलात म्हणून जमलं."

"हो गं," यंत्रवाले म्हणाले. "तुझ्यामुळेच."

ते दोघे दारातून बाहेर पडले. त्यानंतर यंत्रवाले आमच्या हॉटेलात पुन्हा आले नाहीत.

आम्हा वस्तूंना हॉटेलाबाहेरचे काही दिसत नाही, मित्रांनो. कानावर येईल तेवढेच कळते. गाठ कापली, पण तिची मुळे पसरली होती, असे लंबूकाका मालकीणबाईंना सांगत होते. पुढे थंडी सरायच्या आत यंत्रवाले गेले, हेही मी असेच ऐकले. त्या दिवशी लंबूकाकांनी खांबाजवळच्या टेबलावर कुणाला बसू दिले नाही. मालकीणबाईंनी ते पाहिले आणि आलेल्या पाहुण्यांना दुसरीकडे बसवले.

त्यानंतर एका दुपारी ठमी आली. फरशी ओली होती. ती कडेकडेने चालत येऊन बाबांच्या खुर्चीवर बसली. लंबूकाका पाणी घेऊन आले.

"काका, तुम्हाला माहीत होतं ना?" तिने विचारले.

"होतं."

"मग तुम्ही वाढलंत का?"

लंबूकाकांनी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. "तुम्ही सांगितलंत म्हणून," ते म्हणाले. ते खोटे बोलू शकले असते. पण तिने सरळ विचारले होते आणि त्यांनी सरळ सांगितले.

ठमीने मान हलवली. "मी सांगितलं म्हणून," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने विचारले, "ते आत गेले होते तेव्हा काय झालं?"

"सगळं उलटून पडलं. मी पाठीवर हात धरला होता. तोंड धुतलं, आरशात बघितलं आणि म्हणाले, पोरगी बोलते छान."

ठमी रडली नाही. ती टेबलावरच्या कापडाची एक सुरकुती बोटाने सपाट करत राहिली. "बेकरीवाले आजोबा घरी येऊन गेले," ती म्हणाली. "त्यांना त्या दिवशी या टेबलावरच कळलं होतं. म्हणाले, आधी कळलं असतं तरी मी यंत्रं तुमचीच घेतली असती, बोलत तर तूच होतीस. म्हणजे लपवायचीही गरज नव्हती, काका. खायचीही नव्हती."

"ताई, मला वाटतं, तुमच्या हातचा घास होता म्हणून त्यांनी—"

"नका असं म्हणू." तिचा आवाज चढला नाही. "चांगलं वाटावं म्हणून तुम्ही म्हणताय. त्यांना नको होतं. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आणि मी पुन्हा पुन्हा चकती फिरवली. आजारपणात ते मला हसून म्हणायचे, ठमे, त्या बरगडीची चव अजून जिभेवर आहे. मला तेसुद्धा खरं होतं की नाही ते कळत नाही."

 इतकी वर्षे लंबूकाका त्या हॉटेलात होते, पण पाहुण्यांच्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्या दिवशी त्यांनी समोरची खुर्ची ओढली, आपले लांब पाय कसेबसे टेबलाखाली घातले, आणि ते तिच्यासमोर बसून राहिले. पेल्यातले पाणी तसेच राहिले. बाहेर उन्हे उतरली तेव्हा ठमी उठली आणि कारखान्यात गेली. आजोबांच्या बेकरीसाठी एक यंत्र जोडायचे होते.

ठमीने कारखाना चांगला चालवला. वर्षे गेली. तीही पाहुण्यांना घेऊन आमच्याकडे येऊ लागली, पण खांबाजवळच्या टेबलावर बसत नसे. मी तिला दुरून पाही. एकदा मात्र हॉटेल भरलेले होते आणि तिला तिथेच बसावे लागले. तिच्या पाहुण्यांत एक अबोल बाई होत्या. त्यांनी आल्या आल्याच मला लाल करून ठेवले. त्यांच्या सोबत्याला ते बरे दिसेना. "अहो घ्या थोडं, असं काय करता? लोक काय म्हणतील?" म्हणत तो मला उलटवायला गेला. ठमीने चटकन पुढे होऊन माझ्यावर आपला तळवा ठेवला. "राहू द्या," ती म्हणाली. "नको म्हणाल्यात त्या." मग तिने त्या बाईंना हलक्या आवाजात विचारले, "तुम्हाला दुसरं काही आणू का? की नुसतं बसायचंय?" त्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. "नुसतं बसते," त्या म्हणाल्या. ठमीचा तळवा माझ्यावर पुष्कळ वेळ होता. 

पुढे लंबूकाकांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी काम सोडले. मालकीणबाई थकल्या. त्यांनी हॉटेल दुसऱ्यांना दिले. नव्या मालकांनी भिंती रंगवल्या, खुर्च्या बदलल्या, आणि प्रत्येक ताटाजवळ एक छोटा दिवा आणून ठेवला. बटण दाबले की हिरवा, पुन्हा दाबले की लाल. आम्हा चकत्यांना एका खोक्यात भरून मागच्या खोलीत टाकले. माझ्या काही बहिणी बाटल्यांच्या बुचांबरोबर केरात गेल्या. एकीवर कुणीतरी चहाचा कप ठेवते असे ऐकते. मला एका सकाळी भांडी घासणाऱ्या मावशींनी उचलले. फ्रीजचा एक पाय आखूड होता आणि तो सारखा डगमगत होता. त्यांनी मला त्याखाली सारले. फ्रीज डगमगायचा थांबला. मावशी म्हणाल्या, "बरं झालं." तेव्हापासून मी इथे आहे. इथे ओल असते. माझी लाल बाजू खाली आहे आणि तिचा रंग सुटत चालला आहे.

मित्रांनो, मला इथून काढा, पुसा, पुन्हा टेबलावर मांडा, असे मी म्हणणार नाही. फ्रीजला आधार देणे हेही कामच आहे. माझे मागणे निराळे आहे. मला दोनच बाजू. एक 'वाढा' म्हणायला आणि एक 'नको' म्हणायला. 'मला दुखते आहे' असे म्हणायला माझ्याकडे तिसरी बाजू नाही. तुम्हाला तर बोलता येते. दुखत असेल तर आपल्या माणसाला सांगा. आधी हे होऊ दे, मग सांगू, म्हणून थांबू नका. आणि तुमच्या शेजारी बसलेले तुमचे माणूस 'नको' म्हणाले, तर प्रेमानेसुद्धा लगेच त्याचा हात बाजूला सारू नका. त्याच्या तोंडाकडे नीट बघा आणि विचारा, का नको? त्या संध्याकाळी खांबाजवळच्या टेबलावर बोलणे पुष्कळ झाले. पिठाचे झाले, मोटारीचे झाले, भट्टीचे झाले. 'का नको?' एवढे दोन शब्द मात्र कुणी बोलले नाही.